गाडीचे इंजिन ऑइल : निवडीतील विवेक

पुणे–नाशिक महामार्गावर मोशीहून चाकणकडे जाताना इंद्रायणी ओलांडली की कुरुळीचा परिसर येतो. कारखान्यांकडे निघालेले कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या आणि त्यांतून वाट काढणाऱ्या मोटारी हे येथील रोजचे दृश्य. या पट्ट्यात दुकान किंवा गोदाम असलेल्या कुटुंबाची गाडी दिवसाकाठी थोडेच किलोमीटर धावते. परंतु कोंडीत इंजिन कितीतरी अधिक वेळ चालू राहते. म्हणून ऑइलचा हिशेब केवळ किलोमीटरवर मांडणे पुरेसे नाही.

आपल्याकडे असा समज आहे की, उष्ण प्रदेशात ऑइल जाड असावे आणि महाग ते उत्तम. दोन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ या खुणेतील पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते हे सांगतो, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा. बाहेर वैशाखाचे ऊन असो वा पौषातील थंडी, तापलेल्या इंजिनाचे तापमान कूलंट जवळपास स्थिर ठेवतो. आजच्या अनेक इंजिनांतील वाटा अरुंद असतात व काही भाग ऑइलच्या दाबावरच चालतात. तेथे ठरल्यापेक्षा जाड ऑइल घातले, तर सकाळी गाडी सुरू करताना ते उशिरा पोहोचते आणि झीज वाढते.

दाटपणाबरोबर दर्जाची खूणही पाहावी. पेट्रोल इंजिनांसाठी ‘एपीआय एसपी’ हा दर्जा २०२० पासून प्रचलित आहे. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या बीएस-६ गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते. चुकीच्या ऑइलने फिल्टर हळूहळू तुंबतो. अचूक उत्तर गाडीच्या माहितीपुस्तिकेतच असते. त्यात किलोमीटर व महिने अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात. जी आधी संपेल ती पाळावी. सततची कोंडी, धूळ व लहान फेऱ्या यांना अनेक पुस्तिकांत ‘कठीण वापर’ म्हटले असून त्यासाठी बदल लवकर सुचविलेला असतो. कुरुळी–चाकणची गाडी बहुधा याच वर्गात मोडते.

रंगावरून निर्णय करू नये. डिझेल गाडीचे ऑइल लवकर काळे पडते, कारण ते काजळी धरून ठेवते. सीएनजी गाडीचे ऑइल मात्र स्वच्छ दिसत असूनही जुने झालेले असू शकते. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टीवर पातळी पाहावी. वरच्या खुणेपलीकडे भरणेही अपायकारकच. बदलाची तारीख, किलोमीटर आणि ग्रेड यांची नोंद ठेवावी व पक्के बिल जपावे. जमाखर्च काटेकोर लिहिणाऱ्या घराला हे अवघड नाही.

शेवटचा प्रश्न काढलेल्या ऑइलचा. कायद्याने तो घातक कचरा आहे. ते गटारात ओतले, तर ओढ्यांवाटे इंद्रायणीत जाऊ शकते, आणि अप्कायिक जीवांबरोबर जलचरांनाही त्याची बाधा होते. पाच समितींतील उत्सर्ग समिती टाकाऊ वस्तूचा त्यागही जीवरक्षेचे भान ठेवून करण्यास सांगते. ते व्रत साधूंचे असले, तरी त्यातील यतना श्रावकालाही आचरता येते. म्हणून ऑइल बदलताना गॅरेजवाल्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाते ना? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास गॅरेज बदलावे.