लाकडी की प्लॅस्टिकचं?

बालवाडीसाठी खेळणी घ्यायची ठरली की शिक्षकांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. लाकूड 'नैसर्गिक' म्हणून चांगलं, प्लॅस्टिक 'रासायनिक' म्हणून वाईट, असा निवाडा पाच मिनिटांत होतो. (लाकूडही सेल्युलोज, लिग्निन अशा रसायनांचंच बनलेलं असतं, पण ते असो.) हा निवाडा किती फसवा आहे ते २००७ साली अमेरिकेत दिसून आलं. त्या वर्षी जूनमध्ये 'थॉमस अँड फ्रेंड्स' मालिकेतल्या लाकडी आगगाड्या आणि त्यांचे भाग, मिळून सुमारे १५ लाख नग, बाजारातून परत मागवावे लागले. लाकूड निर्दोष होतं. त्यावरच्या लाल-पिवळ्या रंगात शिसं होतं. ऑगस्टमध्ये प्लॅस्टिकची लाखो खेळणी परत मागवली गेली, तीही रंगातल्या शिशामुळेच.

रंगात शिसं घालतात तरी कशाला? पिवळा लेड क्रोमेट झगझगीत असतो, पृष्ठभाग चांगला झाकतो आणि उन्हात टिकतो. आपला शेंदूर म्हणजेही शिशाचं ऑक्साइडच. लहान मूल खेळणं चघळतं, रंगाचे कपचे पोटात जातात. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात जेवढा भाग शोषला जातो, त्याच्या चार-पाच पट भाग लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनासारखा वागतो. त्यामुळे वाढत्या हाडांत तो साठतो आणि घडत असलेल्या मेंदूपर्यंत पोचतो. मूल आजारी दिसत नाही. त्याचं लक्ष लागत नाही, शिकणं मंदावतं, आणि वर्गात आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलांना निर्धोक, असं सांगता येत नाही.

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली जुनी खेळणी कपाटात असतील, तर त्यांचे पोपडे निघताहेत का ते आधी पाहा. पुढे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. मात्र नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट दिली गेली. म्हणून एखाद्या कारागिराच्या लाकडी खेळण्यावर हे चिन्ह नसलं, तर तेवढ्यावरून ते वाईटही ठरत नाही आणि चांगलंही. तिथे विचारपूसच करावी लागते.

विचारायचं काय? रंग कसा दिलाय ते. सावंतवाडीच्या चितार आळीतली फळं-भाज्या कुंचल्याने रंगवतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रीत वेगळी. तिथे काळ्या कुड्याचं पांढरं, मऊ लाकूड कातारी यंत्रावर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर पसरते आणि केवड्याच्या पानाने घासली की चकाकते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख म्हणजे एक नैसर्गिक राळ. घर्षणाने उष्णता निर्माण होते हे शिकवताना यापेक्षा सुरेख उदाहरण मला तरी सुचत नाही. पण लाख झाली म्हणून तिच्यातला रंग आपोआप निर्धोक होत नाही. पिवळ्यासाठी हळद वापरलीय की आणखी काही, हे विचारायलाच हवं. आणि 'लाकडी' म्हणून विकलं जाणारं सगळंच अखंड लाकूड नसतं. लाकडाचा भुसा डिंकासारख्या रेझिनने दाबून केलेल्या फळ्यांतून फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं. खेळण्याची कड पाहिली तर रेषा दिसतात की नुसता दाबलेला भुसा, ते कळतं.

आता प्लॅस्टिक. हे एका पदार्थाचं नाव नाही. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, एबीएस, पीव्हीसी अशी निरनिराळी बहुवारिकं आहेत. यांतलं पीव्हीसी मुळात कडक असतं. मऊ बाहुली करायची तर त्यात फ्थॅलेटसारखं तेलकट द्रव्य मिसळतात, काही वेळा वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. ते रेणूंच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मध्ये शिरून बसलेलं असतं. म्हणून चघळताना लाळेत उतरतं. यांतली काही फ्थॅलेट शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. युरोपात १९९९ साली तीन वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात घालायच्या खेळण्यांवर तात्पुरती बंदी आली, २००५ साली ती कायम आणि अधिक व्यापक झाली.

पीव्हीसी ओळखायचं कसं? मोडक्या खेळण्यांचे भरीव तुकडे घ्या (पोकळ खेळणं आतल्या हवेमुळे तरंगेल) आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात सोडा. साबणामुळे बुडबुडे चिकटून राहत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९, पॉलिएथिलीनची ०.९२ ते ०.९६. हे तुकडे तरंगतील. बुडालेले तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात टाका. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि द्रावणाची घनता १.२ होते. एबीएस (१.०५च्या आसपास) यात वर येतो, कडक पीव्हीसी (सुमारे १.४) तळाशीच राहतं. फार मऊ पीव्हीसी मात्र १.२च्या जवळपास असल्याने फसवू शकतं. प्लॅस्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळली असेल तरी निष्कर्ष चुकतो. नववी-दहावीच्या मुलांना घनता शिकवायला हा प्रयोग दोन तासिका सहज पुरतो.

आणखी एक कसोटी पदार्थाशी निगडित नाहीच. ३२ मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी करा. खेळण्याचा जो भाग त्या नळीत पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, मग तो चंदनाचा का असेना.

बाकी गुणदोष नेहमीचे. प्लॅस्टिक धुता येतं, आणि सर्दी-खोकल्याच्या दिवसांत बालवाडीत त्याचं मोल कळतं. पण अंगणात पडून राहिलं तर उन्हातल्या अतिनील किरणांनी ते ठिसूळ होतं आणि मोडल्यावर धारदार कडा निघतात. लाकूड भिजवून चालत नाही. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यातून चिरा पडतात आणि कुसळं निघतात. ठोकळ्यांच्या बाबतीत मात्र मी लाकडाच्या बाजूचा आहे. त्यांच्या खरखरीत पृष्ठभागामुळे घर्षण जास्त असतं आणि मनोरा उंच चढतो. तेही न रंगवलेले, काचकागदाने घासलेले. गावातल्या सुताराकडे उरलेल्या तुकड्यांतून असे पन्नास ठोकळे निघतात. लाकूड कोणतं आणि आधी कशासाठी वापरलेलं, तेवढं त्याला विचारून घ्यावं, कारण जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडावर जुनाच रंग असतो.