गिअरचा दांडा ढिला का होतो?

अमेरिकेत १९५०-६० च्या सुमारास निघालेल्या फोर्ड, शेव्हरोले इत्यादी अनेक पिकअप मोटारींत तीन गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीस जोडलेला असे. तेथून दोन सळ्या गिअरबॉक्सकडे जातात. सळ्यांच्या टोकांचे बुश झिजल्यास दांडा ढिला पडतो; दोन गिअर एकदम गुंतून मोटार ऐन चढावर अडू शकते.

अशा वेळी गिअरबॉक्स खोलून खर्चात पडू नये. मोटार सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा व चाकांखाली दगड ठेवावेत. एकाने दांडा हलवावा. दुसऱ्याने कोणता सांधा सैल आहे ते पाहावे. झिजलेले बुश बदलावेत. नंतर दोन्ही तरफा न्यूट्रलमध्ये आणून सळ्यांची लांबी जुळवावी, नव्या कॉटर पिना घालाव्यात आणि सांध्यांना वंगण द्यावे.