वाटेवरील अपघात आणि मालकाची जबाबदारी

22 एप्रिल 2003 रोजी तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, साखर कारखान्याचा एक पहारेकरी मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. त्याची पाळी पहाटे 3 वाजता सुरू होत असे. कारखाना सुमारे 5 किलोमीटरवर राहिला असता अपघात होऊन तो मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि आई राहिली. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबास 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनीच्या अपिलात 2011 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अपघात कारखान्याच्या आवारात झालेला नव्हता, हा मुख्य आक्षेप होता.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने भरपाईसाठी एक अट घातली होती: अपघात ‘नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात’ झालेला असावा. शब्द थोडे आहेत, पण नोकरीचा ओघ कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, यावर न्यायालयांत अनेक वर्षे वाद झाले. 1952 मध्ये पोरबंदरजवळच्या मिठागरातील मजूर खाडी ओलांडून घरी परतत असता होडी उलटली आणि काही जण बुडाले. ती होडी सार्वजनिक होती, कोणीही तिचा वापर करू शकत असे, म्हणून 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकास जबाबदार धरले नाही. याउलट मुंबईत काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघालेल्या चालकाचा अपघात 1963 मध्ये नोकरीच्या ओघातील मानला गेला. चालकांना बसमधून विनामूल्य प्रवासाची मुभा सेवा सुरळीत चालावी म्हणून होती, असे न्यायालयाने पाहिले. दोघेही घरीच निघाले होते, पण एकाचे वाहन नोकरीशी जोडलेले होते, दुसऱ्याचे नव्हते.

दौऱ्यावरील माणसाची गोष्ट मुळातच निराळी असते. मालकाने यंत्राचे सुटे भाग आणण्यासाठी चालकाला परगावी पाठविले, तर तो प्रवास हेच त्याचे काम असते. मात्र वाटेत तो स्वतःच्या खाजगी कामासाठी आडवाटेला वळला, तर नोकरीशी असलेला दुवा तुटल्याचा युक्तिवाद होऊ शकतो. अशा वेळी लेखी आदेशाचे महत्त्व कळते. ‘साहेबांनी तोंडी सांगितले होते’ हे वाक्य चौकशीत फारसे टिकत नाही, आणि ते सांगणारा माणूस बहुधा हयातही नसतो.

पहारेकऱ्याच्या कुटुंबाला न्याय मिळण्यास 22 वर्षे लागली. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा व परतीचा प्रवास, अपघाताची परिस्थिती, वेळ आणि ठिकाण यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीच्या ओघातीलच समजावा, असा अर्थ न्यायालयाने लावला. कर्मचारी राज्य विमा कायद्यात अशी तरतूद 2010 मध्येच आली होती. आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही ती स्पष्ट शब्दांत आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून 1923 च्या कायद्याची जागा तिने घेतली आहे. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्यास 12 टक्के व्याज, आणि दिरंगाईस समर्थनीय कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, ही जुन्या कायद्यातील तरतूदही संहितेत आहे.

निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न निवडणूक आयोगाने आधीच सोडविला आहे. प्रशिक्षणासह निवडणुकीच्या कोणत्याही कामासाठी घर किंवा कार्यालय सोडल्यापासून परत पोहोचेपर्यंत व्यक्ती कर्तव्यावर आहे, असे आयोगाच्या सूचना सांगतात. या काळात मृत्यू आल्यास वारसांस सानुग्रह साहाय्य मिळते.

अनेक आस्थापना आपल्या माणसांसाठी सामूहिक अपघात विमाही घेतात. त्यात मृत्यू, अवयवहानी किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी ठराविक रक्कम असते. काही पॉलिसींत परगावी रुग्णालयात दाखल करण्याची व्यवस्था आणि पार्थिव घरी पोहोचविण्याचा खर्चही समाविष्ट असतो. दूरच्या गावी एकट्या पडलेल्या कुटुंबाला त्या घडीला रकमेपेक्षा हे साहाय्य अधिक उपयोगी पडते. अशी पॉलिसी असली तरी कायद्याने येणारी जबाबदारी मालकावरून उतरत नाही. भरपाईचा हक्क सोडण्याचा करार कामगाराने सही करून दिला असला, तरी तो निरर्थक ठरतो.

दावा अपघातापासून, किंवा मृत्यू झाल्यास त्या तारखेपासून, दोन वर्षांच्या आत करावा लागतो. पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, हजेरीपत्रक आणि वेतनाचा दाखला यांच्या प्रती कुटुंबाने ताबडतोब मिळवाव्यात. प्रवासाचा आदेश आस्थापनेच्या जावक नोंदवहीत क्रमांक व तारखेसह चढविलेला आहे किंवा नाही, हेही त्याच वेळी पाहावे.