घड्याळ : नाममुद्रा व प्रत्यक्ष निर्माते

मनगटी घड्याळाच्या तबकडीवर छापलेले नाव आणि त्याच्या आतील यंत्रणा बनविणारा कारखाना ही पुष्कळदा भिन्न असतात. तबकडीवरील नावास नाममुद्रा म्हणतात. नाममुद्रेची मालक असलेली संस्था घड्याळाचा आराखडा, अंतिम तपासणी, विक्री व हमी यांची जबाबदारी घेते. यंत्रणा, कवच, तबकडी, काटे व काच हे भाग मात्र ती बहुधा इतरांकडून घेते. यंत्रणेसह बहुतेक महत्त्वाचे भाग स्वतः तयार करणाऱ्या संस्थेला या धंद्यात ‘मॅन्युफॅक्चर’ अशी संज्ञा आहे. अशा संस्था थोड्याच आहेत.

उगम : ही विभागणी आधुनिक जाहिरातयुगाची निर्मिती नव्हे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या ज्युरा पर्वतप्रदेशातील शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात घरोघरी घड्याळाचा एखादाच भाग तयार करीत. ‘एताब्लिसर’ म्हणून ओळखला जाणारा व्यापारी हे भाग गोळा करून घड्याळ जुळवून घेई व ते आपल्या नावाने विकी. पुढे पट्ट्या, पूल व दंतचक्रे यांचा अपुरा जुळविलेला सांगाडा कारखान्यात तयार होऊ लागला. त्यास ‘एबोश’ म्हणतात. फाँतनमलाँ येथे १७९३ मध्ये अशा सांगाड्यांचा कारखाना निघाला. एकच सांगाडा अनेक व्यापारी घेत, त्यास आपापल्या परीने सफाई देत आणि निरनिराळ्या नावांनी विकत.

एकाधिकार : पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत सुटे भाग परदेशी विकले जाऊन तेथे स्वस्त घड्याळे जुळविली जाऊ लागली. तीस आळा घालण्यासाठी १९२६ मध्ये तीन प्रमुख कारखान्यांनी ‘एबोश एस. ए.’ ही संयुक्त संस्था स्थापिली. १९३१ मध्ये शासनाच्या भांडवली साहाय्याने ‘आसुआग’ ही नियंत्रक कंपनी निघाली व सांगाडे, संतुलन चक्रे आणि बारीक कमानी यांचे बहुतांश उत्पादन तिच्या हाती गेले. त्यामुळे परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या अनेक नाममुद्रा एकाच पुरवठादारावर अवलंबून राहू लागल्या.

डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यानंतर स्विस उद्योगावर संकट ओढवले. १९७० च्या सुमारास या उद्योगात सुमारे ९०,००० कामगार होते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या सुमारे एक-तृतीयांशावर आली. १९८३ मध्ये आसुआग आणि ओमेगा व टिसॉट या नाममुद्रांची मालक ‘एस. एस. आय. एच.’ यांचे विलीनीकरण झाले. या समूहास १९९८ मध्ये ‘स्वॉच ग्रुप’ हे नाव मिळाले. सांगाड्यांचे कारखाने त्यातील ‘एटा’ या कंपनीत एकवटले. बारीक कमानी बनविणारी निवारॉक्स कंपनीही याच समूहात आहे.

एटाच्या २८२४ या स्वयंचलित व ७७५० या कालमापक यंत्रणा असंख्य नाममुद्रांच्या घड्याळांत वापरल्या गेल्या. २००२ मध्ये स्वॉच समूहाने बाहेरच्या ग्राहकांना सांगाडे देणे क्रमाने बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा स्वतःची यंत्रणा नसलेल्या नाममुद्रांचे अस्तित्वच धोक्यात आले. स्विस स्पर्धा आयोगाने हस्तक्षेप करून पुरवठा काही वर्षे चालू ठेवावयास लावला. २०१३ मधील समझोत्याने तो टप्प्याटप्प्याने घटविण्यास मुभा दिली. दरम्यान पेटंटांची मुदत संपलेल्या एटाच्या रचनांवर आधारित यंत्रणा सेलिटा ही कंपनी बनवू लागली व अनेक नाममुद्रा तिच्याकडे वळल्या.

प्रतिष्ठित नाममुद्राही या व्यवहारापासून अलिप्त नव्हत्या. १९०५ मध्ये लंडन येथे सुरू झालेल्या ज्या व्यापारी पेढीतून रोलेक्सचा उदय झाला, ती बील येथील एग्लर कारखान्याच्या यंत्रणा वापरी. हा कारखाना रोलेक्सने २००४ मध्ये विकत घेतला. रोलेक्सच्या डेटोना घड्याळात १९८८ ते २००० या काळात झेनिथ कंपनीची यंत्रणा फेरफार करून बसविली जात होती.

जपान व भारत : जपानमध्ये सेइको व सिटिझन या कंपन्या स्वतःच्या घड्याळांबरोबरच इतरांसाठीही यंत्रणा तयार करतात. सिटिझन समूहाच्या ‘मियोटा’ यंत्रणा जगभरच्या मध्यम किंमतीच्या घड्याळांत आढळतात. वस्त्रप्रावरणांची प्रसिद्ध नावे धारण करणारी घड्याळे सामान्यतः परवाना घेतलेल्या घड्याळ-कंपन्या तयार करवून घेतात. फॉसिल या अमेरिकन कंपनीने एम्पोरिओ आर्मानी व मायकेल कोर्स या नावांनी काढलेली घड्याळे या प्रकारची होत.

भारतात हिंदुस्थान मशीन टूल्स (एच. एम. टी.) या सरकारी उपक्रमाने १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. तिचे १७ रत्नांचे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ सर्वदूर पसरले. नाव भारतीय, रचना मूळची जपानी व निर्मिती पुन्हा भारतीय असा हा मेळ होता. तिची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१६ मध्ये घेतला. टाटा समूह व तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये स्थापिलेल्या टायटनचा कारखाना होसूर येथे आहे.

‘स्विस मेड’ व ग्राहक : तबकडीवरील या शब्दांनी निर्मात्याचे नाव कळत नाही. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार यंत्रणा स्विस असणे, ती कवचात बसविण्याचे काम व अंतिम तपासणी स्वित्झर्लंडमध्ये होणे आणि घड्याळाच्या निर्मितिखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च त्या देशात होणे आवश्यक आहे. उरलेले भाग अन्यत्र तयार झालेले असू शकतात.

बाहेरून घेतलेली यंत्रणा निकृष्टच असते, असे नाही. मोठ्या संख्येने बनणाऱ्या यंत्रणेचे दोष लवकर उघडकीस येतात, तिचे सुटे भाग सहज मिळतात व कोणताही कुशल घड्याळजी ती दुरुस्त करू शकतो. याउलट केवळ एकाच संस्थेच्या यंत्रणेची दुरुस्ती त्या संस्थेवर अवलंबून राहते. तथापि एकच यंत्रणा असलेल्या दोन घड्याळांच्या किंमतींत मोठी तफावत असू शकते. ती कवच, सफाई, समायोजन व हमी यांमुळे किती आणि केवळ नावामुळे किती, हे तबकडीवरून कळत नाही. त्यासाठी आतील यंत्रणेचा निर्माता व तिचा क्रमांक यांची माहिती असावी लागते.