चौकट : नकळत पाप, जाणूनबुजून पाप

  

बायबलमधल्या गणना पुस्तकाचा १५वा अध्याय नकळत आणि जाणूनबुजून केलेल्या पापांतला फरक स्पष्ट मांडतो. नकळत चूक झाली तर अर्पण आणि क्षमा. परक्यालाही तोच नियम. उद्दामपणे आज्ञा मोडणाऱ्याला मात्र समाजातून तोडलं जाई. अज्ञानाने दोष पुसला जात नाही, हलका होतो: लूकच्या १२व्या अध्यायात धन्याची इच्छा माहीत नसलेल्या चाकरालाही फटके बसतात, पण थोडे. मला हा भेद फार न्यायाचा वाटतो.

कॅथलिक शिकवणीत प्राणघातक पापासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेची संमती, तिन्ही लागतात. एक जरी नसेल तरी ते प्राणघातक ठरत नाही.

लुथरन परंपरा अशी वर्गवारी कमी करते. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबानुसार पापांगीकारात प्रत्येक पाप मोजून सांगणं आवश्यक नाही, कारण आपले सगळे अपराध माणसाला ठाऊकच नसतात. आधार १९व्या स्तोत्राचा. त्याच स्तोत्रात गुप्त दोषांची क्षमा मागून लगेच जाणूनबुजून केलेल्या पापांपासून राखण्याची विनवणी येते.