कोणाचा स्विंग उचलावा?

गोल्फपटू जिम फ्युरिकचा स्विंग पाहिला की नवखा माणूसही म्हणेल, हे काहीतरी चुकतंय. क्लब अंगापासून लांब, जवळजवळ उभा वर चढतो, टोकाला गेल्यावर एक मोठा वळसा घेतो आणि पाठीमागून खाली येतो. याच स्विंगवर त्याने 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमध्ये पीजीए टूरवरची पहिली 58 फटक्यांची फेरी खेळली. त्याला शिकवणाऱ्या वडिलांनी तो वळसा मोडून काढला नाही, हे फार मोलाचं.

कारण वळसा कसाही असला, तरी क्लबचा चेंडूला स्पर्श होतो तो सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरता. त्या वेळी क्लबचं तोंड कुठे वळलंय, तो कोणत्या दिशेने आणि किती वेगाने आला, चेंडू तोंडाच्या मध्यावर लागला का, यावरच फटका ठरतो.

बेन होगनचं अनुकरण मात्र जगभर झालं. 1957 च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात त्याने सांगितलेली पकड मुळात त्याच्या स्वतःच्या दुखण्यावरचा इलाज होती: त्याचा चेंडू डावीकडे वळायचा. बहुतेक उजव्या हाताच्या हौशी खेळाडूंचा चेंडू उजवीकडे पळतो. त्यांनी ही पकड घेतली की तो आणखीच पळतो. होगनकडून घ्यायचाच तर खाली येतानाचा क्रम घ्यावा. आधी कंबर वळते, मग खांदे, मग हात, क्लब सगळ्यात शेवटी. हा क्रम बहुतेक अव्वल खेळाडूंमध्ये सारखाच सापडतो.