शंखातली सुई

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की आमच्या चौथीच्या वर्गात एक छोटंसं प्रदर्शन भरतं. सुट्टीत जे मिळालं ते प्रत्येकानं आणायचं. कुणी सुगरणीचं घरटं आणतं, कुणी किल्ल्यावरचा दगड. एकदा एका मुलीनं मालवणहून पिशवीभर शंख-शिंपले आणले. ते टेबलावर मांडून झाले, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ह्याच्या आत जो राहत होता, तो दिवसभर काय करायचा?"

खरं सांगू? मला धड उत्तर देता आलं नाही. "गोगलगायीसारखा प्राणी असतो," असं सांगून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग पुस्तकं धुंडाळली, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

गोगलगाय आणि मासेमारी!

त्या टेबलावर एका टोकाला निमुळते, आइस्क्रीमच्या कोनासारखे दिसणारे शंखही होते. इंग्रजीत त्या प्राण्याला 'कोन स्नेल' म्हणतात. आपण त्याला शंकूशंख म्हणू या. उष्ण समुद्रांमध्ये त्याच्या सातशेहून अधिक जाती आहेत. भारताच्या किनाऱ्यांवरही त्यातल्या काही आढळतात. शंखावरची नक्षी पाहिली तर वाटावं, कुणीतरी बसून रांगोळीच काढली आहे. पण आत राहणारा प्राणी मात्र पक्का शिकारी! काही जाती समुद्रातले किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी, तर काही चक्क मासे.

आता तुम्हीच विचार करा. गोगलगायीनं मासा पकडायचा कसा? मासा शेपटीच्या एका फटक्यात पसार होणार, आणि ही बिचारी इंच इंच सरकणार. पण तिच्या तोंडाशी एक सोंड असते. सोंडेत असतो एक पोकळ, टोकदार दात. अगदी डॉक्टरांच्या सुईसारखा! मासा जवळ आला की ही सुई त्याच्या अंगात घुसते, तिच्यातून विष जातं आणि काही सेकंदांत मासा लुळा पडतो. मग गोगलगाय त्याला सावकाश गिळते. 'कोनस जिओग्राफस' नावाच्या जातीच्या डंखानं तर माणसंही दगावली आहेत.

शंख जमवणारा मुलगा

फिलिपाइन्स हा देश म्हणजे हजारो बेटांचा समूह. तिथं एक मुलगा लहानपणी शंख जमवायचा. त्याचं नाव बाल्डोमेरो ऑलिव्हेरा. मोठा होऊन तो अमेरिकेत शिकला, रसायनशास्त्रज्ञ झाला आणि १९७०च्या सुमारास मायदेशी परतला. पण तिथल्या प्रयोगशाळेत त्याच्या आधीच्या कामाला लागणारी महागडी यंत्रंच नव्हती. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. ऑलिव्हेरांनी विचार केला, आपल्याकडे काय नाही ते सोडा, काय आहे? समुद्र आहे, आणि शंकूशंख तर मुबलक. मग ह्या प्राण्याच्या विषाचाच अभ्यास का करू नये? फिलिपाइन्सच्याच शास्त्रज्ञ लुर्देस क्रूझ ह्या त्यांच्या सहकारी होत्या.

पुढे ऑलिव्हेरा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात गेले. गंमत म्हणजे युटाला समुद्र नाही! पण अभ्यास चालूच राहिला. तिथं क्रेग क्लार्क नावाच्या एका विद्यार्थ्यानं नवीच कल्पना काढली. त्यानं विषातले घटक वेगवेगळे केले आणि एकेक घटक उंदरांच्या मेंदूत टोचून पाहिला. काय झालं असेल? एका घटकानं उंदीर झोपी गेले, तर दुसऱ्यानं थरथर कापायला लागले. म्हणजे विष हा एकच पदार्थ नव्हता. त्यात कितीतरी निरनिराळे पदार्थ होते, आणि प्रत्येकाचं काम निराळं!

१९७९ साली मायकेल मॅकिंटॉश हा अठरा वर्षांचा मुलगा ह्या प्रयोगशाळेत आला. नुकतीच कुठे त्याची शाळा संपली होती. 'कोनस मेगस' ह्या मासे खाणाऱ्या जातीच्या विषातून त्यानं एक पदार्थ वेगळा काढला. 'मेगस' म्हणजे जादूगार. आणि खरोखरच तो पदार्थ जादूचा निघाला.

दुखणं मेंदूपर्यंत कसं जातं?

दारात बोट सापडलं की आपण "आई गं!" ओरडतो. पण त्याआधी शरीरात बरंच काही घडतं. बोटातल्या नसेतून निरोप निघतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोहोचतो. तिथं एक नस दुसऱ्या नसेला निरोप देते, आणि तो पुढे मेंदूकडे जातो. हा निरोप देण्यासाठी पहिल्या नसेच्या टोकाशी असलेली बारीक दारं उघडावी लागतात. त्या दारांतून कॅल्शियमचे कण आत शिरतात, तेव्हाच निरोप पुढे सरकतो. मॅकिंटॉशनं शोधलेला पदार्थ नेमकी हीच दारं बंद करतो. निरोप अडतो, दुखणं कळत नाही.

ह्या पदार्थापासून झालेल्या औषधाचं नाव झिकोनोटाइड. अमेरिकेत त्याला २००४च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. १९७९ ते २००४, मोजा किती वर्षं झाली ती! हे औषध गोळीसारखं गिळता येत नाही. कातडीखाली बसवलेल्या छोट्या पंपातून बारीक नळीनं ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेंब थेंब सोडतात. चक्कर येणं, मन गोंधळणं असे त्रासही त्यानं होतात. म्हणून इतर उपायांनी न थांबणाऱ्या भयंकर वेदनांसाठीच ते वापरतात. पण मॉर्फीनसारखी त्याची सवय लागत नाही, आणि वेदनेनं रात्र रात्र तळमळणाऱ्या माणसाला हे केवढं मोलाचं!

तुम्ही म्हणाल, "मग औषधासाठी किती गोगलगायी मारत असतील?" नाही हं. हा पदार्थ म्हणजे पंचवीस अमिनो आम्लांची एक माळ आहे. मणी कोणत्या क्रमानं ओवायचे हे कळल्यावर तीच माळ प्रयोगशाळेत तयार करता आली.

शंकूशंख हा काही एकटाच नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वेर्नर बेर्गमान ह्या शास्त्रज्ञाला कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात अनोखी रसायनं सापडली. त्यांच्यावरून रसायनशास्त्रज्ञांना सुचलेलं सायटारबिन हे औषध आजही रक्ताच्या कर्करोगावर देतात, लहान मुलांनासुद्धा. स्पंज तर जागचा हलतही नाही! ज्याला पळता येत नाही, त्याला रसायनं बनवावी लागतात.

म्हणून आई-बाबांनो, पुढच्या वेळी मुलांना घेऊन समुद्रावर जाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. जिवंत शंख, त्यातही कोनाच्या आकाराचा, मुलांना हातात घेऊ देऊ नका. आणि रिकामे शंखसुद्धा पोती भरून आणू नका. एखादा लहानसा खेकडा त्यात घर करणार असतो.

आणि मुलांनो, त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी उत्तर दिलं बरं का. ते ऐकून त्यानं लगेच दुसरा प्रश्न विचारला, "बाई, मग त्या गोगलगायीला स्वतःचं विष कसं बाधत नाही?" मी पुन्हा पुस्तकं काढून बसले आहे. तुम्हीही शोधा!